आभाळ यायची लक्षणं आहेत, हरभरा या आठवड्यात काढू की थांबू?

दुधनाकाठ | सोमवार, सकाळी ७.४०

राम राम मंडळी.

सेलूजवळ आमचा चार एकर हरभरा आहे, जॅकी ९२१८ वाणाचा. दीड एकर वाळून खडखड वाजतोय. उरलेल्या अडीच एकरात खालचे घाटे पिवळे पडलेत, पण शेंड्याला अजून हिरवट झाक आहे. त्याला लागून दोन एकर मालदांडी ज्वारी उभी आहे, कणसं भरलीत.

पुढच्या आठवड्याचा अंदाज काल रात्री पाहिला. बुधवारपर्यंत कोरडं, सकाळी गारठा आणि दुपारी चटका. गुरुवारपासून अंशतः ढगाळ. शुक्रवार-शनिवारी 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस'. गारांचा उल्लेख नाही.

आबा म्हणतात हात लावू नको. उभं पीक पाऊस अंगावर घेतं आणि दोन दिवसांच्या उन्हात सुकतं, भुईवर पडलेलं पीक मात्र सडतं. मला वाटतं जे वाळलंय ते तरी घरात यावं. झाडं बुटकी आहेत, हार्वेस्टर चालणार नाही. बाया म्हणतात गुरुवारशिवाय जमणार नाही, गावात सगळ्यांचंच एकदम आलंय. गुत्तं दिलं, म्हणजे सगळं काम ठरवून ठेक्यानं दिलं, तर बुधवारी दुसऱ्या गावची टोळी येईल, पण पैसे जास्त लागतील.

तुमच्याकडं आभाळ कसं आहे, आणि माझ्या जागी तुम्ही काय कराल?

बालाघाटचा वारा | सोमवार, सकाळी ८.०५

काढून घ्या. पैशाकडं बघू नका.

मृगबहार | सोमवार, सकाळी ८.३०

जालन्याकडं आभाळ स्वच्छ. पहाटे स्वेटर लागतो आणि बारा वाजता बनियनवर बसवत नाही. आमच्या मोसंबीला आंबिया बहाराची फुलं आहेत, काही झाडांवर ज्वारीएवढी फळं धरलीत. अशा वेळी रात्र गार आणि दुपार तापलेली राहिली की गळ लागते, वरून पाऊस आला तर बघायलाच नको. त्यामुळं मीही या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ढगांची वही | सोमवार, सकाळी ९.१५

दुधनाकाठ, अंदाजातला एकेक शब्द मोजून वापरलेला असतो, तो तसाच वाचा.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि त्यापुढं 'बहुतांश ठिकाणी'. तेव्हा तुरळक म्हटलंय याचा अर्थ तुमच्या शेतावर पाऊस न येण्याची शक्यता येण्यापेक्षा बरीच जास्त आहे. पण आला, तर तो तुमच्यासाठी शंभर टक्के आलेला असतो.

दुसरा शब्द 'हलका'. हवामान खात्याच्या भाषेत दिवसभरात अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस. पंधरा मिलिमीटर हे कोतवालाच्या दवंडीत हलकं असेल, पसरून ठेवलेल्या हरभऱ्याला ते भिजवून काढतं.

हे का होतं तेही सांगतो. थंडीच्या दिवसांत भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे ढग-पाऊस घेऊन सरकणारे वाऱ्याचे पट्टे, येतात आणि उत्तरेत पाऊस-बर्फ टाकून पुढं जातात. बहुतेकांचा आपल्याशी संबंध येत नाही, फार तर ते गेल्यावर उत्तरेचं गार वारं आपल्याकडं येतं. एखाद्याचा पट्टा मात्र खाली दक्षिणेकडं उतरतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारं आत शिरलं की दोन्ही वारे विदर्भ-मराठवाड्यावर एकमेकांना भिडतात. खाली फेब्रुवारीच्या उन्हानं तापलेली जमीन आणि वर अजून हिवाळ्यातलीच थंडगार हवा. म्हणून या दिवसांतला पाऊस दुपारी तीन-चारनंतर, गडगडत, एखाद्या पट्ट्यातच येतो. गारही याच जोडणीतून तयार होते. वरची हवा थंड असल्यामुळं गोठणपातळी, म्हणजे पाणी गोठतं ती उंची, पावसाळ्यापेक्षा खाली असते, त्यामुळं गार वितळायच्या आत जमिनीवर पडते.

गारांचा उल्लेख आज नसला तरी तो आदल्या दिवशी येऊ शकतो. सात दिवसांचा अंदाज दिशा कळण्यापुरता धरा. निर्णय आदल्या दिवशीच्या जिल्हानिहाय इशाऱ्यावर आणि त्या दिवशी दर तीन तासांनी येणाऱ्या सूचनेवर घ्या.

बालाघाटचा वारा | सोमवार, सकाळी ९.५०

सकाळी एका ओळीत लिहिलं, आता नीट लिहितो.

२०१४ ची शिवरात्र २७ फेब्रुवारीला होती. त्याच्या आगेमागे गारा सुरू झाल्या आणि मार्च अर्धा सरेपर्यंत थांबल्याच नाहीत. आज या तालुक्यात, उद्या त्या. आमच्याकडं दुपारी चारला आभाळ जांभळं झालं. आधी गार वारं, मग एकदम शांतता. गोठ्याच्या पत्र्यावर पहिली गार पडली तेव्हा मला वाटलं कुणीतरी दगड मारला. नंतर दहा मिनिटं काहीच ऐकू येत नव्हतं, आई शेजारी उभी राहून काय ओरडत होती तेही नाही.

थांबल्यावर बाहेर आलो तर बांधावरच्या लिंबाखाली पाल्याचा आणि गारांचा गुडघाभर ढीग. पोपट, चिमण्या, होले मरून पडलेले. ज्वारीचं एक ताट उभं नव्हतं. हरभऱ्याच्या रानात काड्या उभ्या होत्या आणि घाटे चिखलात रुतलेले. सकाळपर्यंत झाडाच्या बुडाशी गारा तशाच होत्या. शेजारच्या काकांची शेळी गेली. त्या सालापासून आमच्या घरात काढणीला आलेलं पीक रानात ठेवायचं नाही असा नियम आहे, मग गुत्तं कितीही लागो.

म्हणून म्हटलं, काढा.

येळवस | सोमवार, सकाळी १०.४०

लातूर जिल्ह्यातून. वाऱ्याभाऊंचं दुःख खरं आहे, पण तुमच्या आबांचंही खोटं नाही. दोन वेगवेगळे धोके आहेत आणि ते आपण एकात मिसळतोय.

नुसता पाऊस आला तर उभा हरभरा कापून पसरलेल्या हरभऱ्यापेक्षा लवकर सावरतो. गारा आल्या तर उभ्याचं काही राहत नाही. आणि कापून ढीग मारून झाकलेला हरभरा दोन्हींत वाचतो. तेव्हा प्रश्न काढावा की नाही एवढाच नाही. काढलेला माल शुक्रवारी दुपारच्या आत ढिगाला लागून झाकून होईल का, ते आधी बघा. होत असेल तर काढा. अर्धवट पसरलेला राहणार असेल तर हात लावू नका.

वाळलेला दीड एकर उद्यापासून घरच्या माणसांनी पहाटे उपटायला घ्या. दहिवर असतं तोवर घाटे गळत नाहीत. नऊ-साडेनऊनंतर ऊन चढलं की झाडाला हात लावताच घाटे तडकतात. हाताला जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळा, झाडावरच्या आंबीनं, त्या आंबट रसानं, बोटं सोलून निघतात.

ढीग उंचवट्यावर, खाली तुराट्यांचा थर. बुडखे बाहेर, घाटे आत. ताडपत्री वरून टाका पण सगळीकडून आवळून बांधू नका, आत वाफ धरते. सकाळी ऊन पडलं की काढायची, संध्याकाळी पुन्हा टाकायची.

हिरवट अडीच एकराला आठ दिवस द्या. आत्ता उपटला तर दाणा सुरकुततो आणि वजनात जेवढं जाईल तेवढं पावसानंही जाणार नाही.

हळदीचा हात | सोमवार, दुपारी २.१०

मी वसमतकडची. तुमचा हरभरा झाडावर तरी आहे, आमची हळद उघड्यावर आहे!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हळद खणली की कुकरमध्ये शिजवायची, मग खळ्यावर पसरून बारा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. या दिवसांत वसमत, कळमनुरी, औंढा कुठंही जा, रस्त्याच्या कडेनं पिवळ्याधमक चादरी अंथरल्यासारखं दिसतं. वाळून कडक झाली, मोडताना कट् आवाज आला की मग पॉलिश, आणि मग बाजार. या पंधरा दिवसांत एक सर आली तरी शिजवलेली हळद पाणी पिते. परत वाळते, पण तो रंग परत येत नाही. काळपट पडते, आतून भुरभुरीत होते, आणि हिंगोलीच्या बाजारात व्यापारी एक काडी मोडून बघतो नि तिथंच भाव पडतो.

आमचा निम्मा माल शिजवून नऊ दिवस झाले, निम्मा अजून वाफ्यात आहे. मी आज घरात सांगून टाकलं की शनिवारपर्यंत कुकर पेटवायचा नाही. जमिनीतली हळद आठ दिवस जास्त राहिली तर बिघडत नाही. नवरा म्हणाला कुकरवाल्याचा नंबर जाईल. जाऊ दे म्हटलं, पुन्हा लागेल.

पसरलेल्या मालासाठी ताडपत्र्या मोजल्या, दोन कमी आहेत. उद्या आणते.

आभाळमाया | सोमवार, दुपारी ४.२५

आमच्या गावच्या ग्रुपवर एक क्लिप फिरतीय. त्यात तारखांसकट आणि तालुक्यांच्या नावांसकट मोठ्या गारा पडणार असं सांगितलंय. सेलू, जिंतूर, मंठा सगळ्यांची नावं आहेत. गेल्या वर्षी याच माणसाचा एक अंदाज बरोबर आला होता. हे खरं धरायचं का?

ढगांची वही | सोमवार, संध्याकाळी ५.००

पाच दिवस आधी तालुक्याचं नाव घेऊन गारपीट सांगता येत नाही. गारांचा ढग तासा-दीड तासात वाढतो, बरसतो आणि संपतो. एवढंच सांगता येतं की या दोन-तीन दिवसांत या विभागात तशी परिस्थिती तयार होऊ शकते. वीस गावांची नावं घेतली की त्यातल्या एखाद्या गावात थेंब पडतोच, आणि तेवढं एक गाव लोकांच्या लक्षात राहतं.

माजलगावकर | सोमवार, संध्याकाळी ५.२०

सहमत नाही वहीभाऊ. सरकारी अंदाजात 'शक्यता आहे' यापलीकडं काही नसतं. शेतकऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. ही माणसं निदान आपल्या भाषेत, आपल्या गावाचं नाव घेऊन बोलतात. २०१८ ला ११ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, जालना-बीडकडं गारा पडल्या तेव्हा आमच्या घरातल्या कुणाच्याही फोनवर सूचना नव्हती. आम्ही त्या दिवशी लग्नाला निघालो होतो.

ढगांची वही | सोमवार, संध्याकाळी ६.०५

माजलगावकर, सूचना तुमच्यापर्यंत पोचली नाही हा राग रास्त आहे आणि मला तो तुमच्याइतकाच आहे. पण सूचना पोचली नाही म्हणून अंदाजच खोटा, असं होत नाही. आणि 'शक्यता' हा शब्द पळवाट नाही हो. आभाळातच ते ठरलेलं नसतं. खात्रीनं सांगणारा माणूस आपल्याला धीर देतो, माहिती देत नाही. त्याच्या क्लिपवर एखाद्यानं कोवळा हरभरा उपटला आणि ऊन पडलं, तर त्याचं वजन कोण भरून देणार?

कोपीवरून | सोमवार, रात्री ८.५०

धागा हरभऱ्याचा आहे, पण मध्ये बोलतो.

मी पाटोदा तालुक्यातला. आई-वडील आणि भाऊ-भावजय सध्या सांगली जिल्ह्यात उसावर आहेत. तुम्ही सगळे पावसाआधी काय झाकायचं ते बोलताय. तिथं झाकायला कोपी म्हणजे झोपडी आहे, तीही पाचटाची आणि वर एक फाटका कागद. अवकाळी आला की आधी चूल विझते, मग अंथरूण भिजतं, मग फडात चिखल होतो. गाडी आत जात नाही, तोड बंद. तोड बंद म्हणजे त्या दिवसाचं काही नाही, आगाऊ घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच. भावाचं लेकरू दोन वर्षांचं आहे.

आता फेब्रुवारी सरत आलाय, कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, थोडे दिवस राहिलेत. हिशोब फिटेपर्यंत एकेक दिवस महत्त्वाचा. अंदाज पाहिला की मी पहिल्यांदा सांगलीचा बघतो, मग बीडचा.

हळदीचा हात | सोमवार, रात्री ९.१०

भाऊ, धागा आभाळाचा आहे, तुमचंही आभाळ तेच. मध्ये बोललो म्हणू नका. घरी फोन करून सांगा, लेकराचे कपडे आणि पीठ-मीठ प्लास्टिकच्या डब्यात घालून ठेवायला. आमच्याकडं हळद काढायला येणाऱ्या बाया तसंच करतात.

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी १०.००

सगळ्यांचे आभार. आज पहाटे पाचला मी, बायको आणि चुलतभाऊ रानात गेलो. नऊपर्यंत पाऊण एकर उपटून झाला. येळवस दादांनी सांगितलेल्या पट्ट्या कामाला आल्या. आबा बांधावर बसून होते, बोलले काहीच नाहीत.

एक विचारायचं होतं, ज्वारीचं काय करू? कणसाचा दाणा दाताखाली फुटतो, पण पूर्ण कडक नाही.

येळवस | मंगळवार, सकाळी ११.३०

दाणा काढून त्याच्या बुडाशी बघा. काळा ठिपका दिसला तर दाणा भरून झालाय, आता नुसतं वाळणं बाकी आहे, काढली तरी चालते. ठिपका नसेल तर उभी राहू द्या. पावसानं कणसावर काळी बुरशी चढली तरी भाकरीपुरती ज्वारी निघते, पण कडबा काळा पडला की जनावर तोंड लावत नाही. आमच्याकडं यंदा कडब्याचीच काळजी जास्त आहे.

केसरबाग | मंगळवार, दुपारी १.१५

आंबेवाल्यांनी काय करायचं ते कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. धाराशिवकडं आमची केसरची दोनशे झाडं आहेत. मोहोर भरपूर, काही फांद्यांवर मोहरीएवढे मणी. पाऊस नाही आला तरी दोन दिवस आभाळ राहिलं की भुरी रोग आणि तुडतुडे कीड दोन्ही येतात. मी आज संध्याकाळी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, फवारून घेतेय. दुपारच्या उन्हात गंधक मारू नका, मोहोर करपतो. आणि पूर्ण फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक नको, माशा मेल्या तर फळ कोण धरवणार?

गव्हाचं रान | मंगळवार, दुपारी ३.००

पाऊस येईल की नाही यावर सगळे बोलतायत, पण बुधवारपर्यंतचं ऊन कुणी धरलं नाही. फेब्रुवारीत आपल्याकडं दुपारी बत्तीस-तेहतीसच्या आसपास असतं, आमच्या ओसरीतल्या थर्मामीटरवर काल पस्तीस होतं. २०२३ चा फेब्रुवारी आठवा. देशभरातलं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींपेक्षा जास्त होतं. त्या साली आमचा उशिरा पेरलेला गहू दाणा भरायच्या आतच पिवळा पडला. पोत्यात भरताना हलका लागायचा, हाताला कळायचं.

माझा गहू आत्ता दुधात आहे. आज रात्री हलकं पाणी देणार. गुरुवारनंतर देणार नाही, कारण ओल्या रानात वारं आलं तर लोळतो.

पुण्यातली लेक | मंगळवार, रात्री ९.४०

माझी आई औशाजवळ एकटी शेत बघते, वय सासष्ट. तिला फोनवर अंदाज वाचून दाखवला तर म्हणते, 'शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते, आभाळ येणारच, त्यात नवं काय?' दुपारी चारला ती रानातच असते आणि आभाळ आलं की आंब्याखाली जाऊन थांबते. कितीदा सांगितलं. विजेची मला फार भीती वाटते. काय सांगू तिला?

ढगांची वही | मंगळवार, रात्री १०.१५

ताई, त्यांना एवढंच सांगा की गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचण्याच्या अंतरावर आहे. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, विहिरीच्या काठावर, लोखंडी खांबाजवळ थांबू नका. आखाडा, म्हणजे रानातलं घर, पक्का असेल तर आत जा. काहीच नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास होईपर्यंत बाहेर यायचं नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते तुमच्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरमध्ये पडणाऱ्या विजा दाखवतं. आईकडं साधा फोन असेल तर ते शेजारच्या एखाद्या पोराच्या फोनमध्ये घालून द्या आणि त्याच्यावर हे काम सोपवा. पोरं असलं काम मनापासून करतात.

वैजनाथाची पायरी | मंगळवार, रात्री १०.४०

शिवरात्रीचं निघालंच आहे तर. २०१४ ची शिवरात्र २७ फेब्रुवारी, तेव्हा गारा. २०१८ ची १३ फेब्रुवारी, दोन दिवस आधी गारा. आमच्या परळीत म्हातारी माणसं सांगायची की यात्रेत एक दिवस तरी आभाळ येतंच.

ढगांची वही | बुधवार, सकाळी ८.००

दोन सालांवरून नियम होत नाही. शिवरात्र दरवर्षी मागंपुढं होते. पण ती ज्या दिवसांत येते ते दिवस असेच असतात: थंडी निघायच्या तयारीत, ऊन चढायच्या तयारीत. म्हातारी माणसं तिथीच्या नावानं ऋतू लक्षात ठेवायची, आणि ती पद्धत चांगलीच होती.

दुधनाकाठ | बुधवार, रात्री ८.३०

वाळलेला दीड एकर उपटून झाला. दोन ढीग मारले, तुराट्या खाली घातल्या. गुत्तं दिलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा कालचा मंगळवारचा सल्ला वाचला, त्यातही काढलेलं पीक सुरक्षित जागी ठेवा असंच आहे. शुक्रवारचा पुढचा सल्ला बघून बाकीचं ठरवू.

ज्वारीच्या दाण्याला ठिपका नाही. उभी ठेवली.

आज संध्याकाळी मावळतीला बारीक पिसांसारखे ढग दिसले.

आभाळमाया | गुरुवार, रात्री ९.००

चंद्राला खळं पडलंय! आजी म्हणायची, खळं लांब तर पाऊस जवळ. बाहेर येऊन बघा सगळे.

ढगांची वही | गुरुवार, रात्री ९.२०

बघितलं. खूप उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे कण असतात, त्यांतून चांदणं वळतं आणि असं मोठं कडं दिसतं. झंझावाताच्या पुढं बऱ्याचदा असेच ढग आधी येतात, त्यामुळं तुमच्या आजीचं निरीक्षण पक्कं होतं. आज रात्र उबदार जाईल, ढगांमुळं जमिनीची ऊब वर निघून जात नाही. पहाटे दहिवरही पडणार नाही, त्यामुळं उद्या उपटणी करणाऱ्यांनी घाटे गळतील हे धरून चाला.

उद्यासाठी परभणी, हिंगोली, जालना, नांदेडला पिवळा इशारा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी असता तर सज्ज राहा म्हटलं असतं.

माजलगावकर | शुक्रवार, दुपारी १.३०

नुकसान झालंच तर काय करायचं? विम्याचं काही होतं का? मागच्या वेळी मी कळवलं तर उशीर झाला म्हणून नाव लागलं नाही.

बालाघाटचा वारा | शुक्रवार, दुपारी २.००

२०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगात, म्हणजे ठरावीक शेतांतलं पीक कापून मोजतात त्यात, येणाऱ्या उत्पन्नावर आली. आधी ७२ तासांत कळवून काढणीनंतरचं नुकसान मागता यायचं, तो रस्ता राहिला नाही. पंचनाम्याचा रस्ता वेगळा आहे. तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर सरकारी मदतीत बसतं. त्यासाठी गट नंबरची पाटी किंवा ओळखीची खूण दिसेल असे फोटो त्याच दिवशी काढा, तारीख-वेळ येईल असे. तलाठ्याला तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरची सरकारी नोंद, केलेली नसेल तर अडतं, ते आधी बघा.

हळदीचा हात | शुक्रवार, संध्याकाळी ५.१०

वारं सुटलंय. हळद गोळा करतोय. नंतर बोलते.

गव्हाचं रान | शुक्रवार, संध्याकाळी ५.४०

जिंतूरकडून गडगडतंय. इथं अजून थेंब नाही.

पुण्यातली लेक | शुक्रवार, संध्याकाळी ५.५५

आई आखाड्यात आहे. शेजारचा पोरगा सांगायला गेला आणि तोही तिथंच थांबलाय. औशाकडं नुसतं आभाळ आहे, पण तरी जीव भांड्यात पडला.

हळदीचा हात | शुक्रवार, रात्री ९.३०

आला. वीस मिनिटं चांगला आला, मध्ये मिनिटभर हरभऱ्याएवढ्या गारा. माल गोळा करून झाकला होता. शेवटचा एक वाफाभर राहिला तो भिजला, तेवढा वेगळा ठेवून वेगळाच विकू, चांगल्यात मिसळणार नाही. शेजारच्यांनी काल शिजवून आज पसरली होती, त्यांची सगळी भिजली. आमच्या दोन ताडपत्र्या मोकळ्या होत्या त्या नेऊन दिल्या, पण उशीर झाला होता. ती बाई काही बोलत नव्हती, नुसती हळदीकडं बघत होती.

कोपीवरून | शनिवार, सकाळी ७.००

सांगलीकडं कोरडं आहे. काल तीन खेपा झाल्या म्हणाला भाऊ.

ताई, पिठाचा डबा आईनं घेतला बरं का.

दुधनाकाठ | शनिवार, सकाळी ९.१५

आमच्याकडं रात्री साडेआठला टपोरे थेंब पडले, पाच मिनिटं. धूळ बसली एवढंच. जिंतूरच्या वाटेवर दोन-चार गावांत चांगला पडला म्हणतात, तिथं उभी ज्वारी लोळलीय. आमची उभी आहे.

सकाळी ताडपत्री काढली, ढीग आतून कोरडा आहे. हात घालून बघितला, ऊब धरलेली नाही. अडीच एकर तसाच उभा आहे आणि धुऊन काढल्यासारखा दिसतोय. कालचा विद्यापीठाचा सल्ला बघितला, सोमवारपासून पुन्हा कोरडं दाखवतायत. बाया मंगळवारी येतो म्हणाल्यात.

रात्री गडगडायला लागलं तेव्हा आबा कुणाला न सांगता बॅटरी घेऊन ढिगाकडं गेले होते. मी मागून गेलो तर ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवत होते.

येळवस | शनिवार, सकाळी ९.४०

मळणीयंत्र सोमवारीच सांगून ठेवा, मंगळवारपासून सगळ्यांची धांदल उडणार. आणि आबांना नमस्कार सांगा.

केसरबाग | शनिवार, सकाळी १०.०५

इकडं पाऊस नाही, आभाळ आहे. मोहोर झटकून बघितला, तुडतुडे आहेत पण थोडे. पुढचा अंदाज बघून पुन्हा लिहिते. वहीभाऊ, अजून एखादा झंझावात मागं आहे का?

ढगांची वही | शनिवार, सकाळी १०.३०

आहे, उत्तरेत मंगळवार-बुधवारी पोचेल. आपल्यापर्यंत उतरेल असं आज तरी दिसत नाही. सोमवारी पुन्हा बघतो आणि इथंच लिहितो.